गंजलेल्या पान्याचा धनी

ते प्रकरण मला आजही जसंच्या तसं आठवतं. नोकरीत खून-दरोडे पुष्कळ हाताळले, पण ठाण्यातून घरी जाताना मी चक्क शीळ घालत गेलो तो दिवस एका जुन्या स्क्रू-पान्यामुळे आला.

गडचिरोली तेव्हा चंद्रपुरातून नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि मी नागभीडच्या बाजूला फौजदार होतो. भोवती धानाची शेती, त्यामागे जंगल आणि मोठ्या गावांतून धानाच्या गिरण्या. अशाच एका गिरणीच्या मालकाने फिर्याद दिली की इंजिनाच्या खोलीतली अवजारं चोरीला गेली. पाठोपाठ खबर आली: गिरणीत मदतनीस असलेल्या एका तरुणाच्या गोठ्यात, मागच्या कुडात, आडव्या बांबूखाली मोठा पाना खोचलेला आहे. ही खबर मला तेव्हाच खटकली. खरा खबऱ्या गाव सांगतो, फार तर घर सांगतो. आडवा बांबू सांगतो तो माणूस आधीच आत जाऊन आलेला असतो.

झडतीत पाना तिथेच मिळाला. गंजून लाल झालेला, जबडा जाम.

"हा माह्या बापाचा आहे, साहेब," तरुण म्हणाला. "मी चोरी नाई केली."

गिरणीचा मोठा मिस्त्री मात्र छातीठोकपणे सांगू लागला, "साहेब, इतकी वर्षं रोज हाच पाना वापरून राह्यलो, मले नाई समजणार? यानं चिखलात दडवला, म्हणून गंजला."

त्या पोराला नुकताच बस आगारात मेकॅनिकच्या नोकरीचा हुकूम आला होता आणि त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर होता. अटक दाखवली की नोकरी गेली. बाप वारलेला. आईने मोलमजुरी करून शिकवलेला मुलगा. ती बाई सकाळपासून ठाण्याच्या आवारात उभी असायची, बस म्हटलं तरी बसायची नाही. इकडे मालकाचा तगादा चालूच, "अटक काऊन करत नाई, साहेब?" मी म्हणायचो, तपास चालू आहे. खरं सांगायचं तर तपास त्या गंजापाशी येऊन अडला होता.

शेवटी पान्यावर काही खूण आहे का ते बघायचं ठरवलं. आमच्या हवालदाराला यंत्रांची भारी आवड. पंचांसमोर पाना घासलेटात बुडवला, मुरू दिला, मग त्याने तारेच्या ब्रशने घासायला घेतला. हळूहळू काळसर लोखंड दिसू लागलं आणि दांड्यावर परदेशी कंपनीचा ठसा उमटला. मिस्त्री लगेच म्हणाला, "हो, हो, आमचाही विलायतीच!"  त्या ठशाकडे पोराने कधी लक्षच दिलं नव्हतं. म्हणजे एवढा घाम गाळून पारडं उलट मिस्त्रीकडे झुकलं. मी मनातून चरफडलो.

दोघं गेल्यावर हवालदार पान्याला तेल देत बसला होता. एकदम कुरकुरला, "साहेब, याची जबडा सरकवायची फिरकीच उलटी आहे."

मी आमच्या जीपच्या पेटीतला पाना आणून दोन्ही शेजारी धरले. ज्या बाजूला फिरकी फिरवली की आमचा उघडायचा, त्याच बाजूला हा मिटायचा. मी हवालदाराला बजावलं, कोणाला बोलायचं नाही.

"घरीसुद्धा?"

"घरी तर अजिबात नाही."

दुसऱ्या दिवशी पंच बोलावले, मालकालाही बसवलं. टेबलावर एक जाड बोल्ट ठेवला आणि अर्धवट मिटलेला पाना मिस्त्रीच्या हाती दिला. "धरा बघू हा बोल्ट." त्याने झोकात अंगठा फिरवला. जबडा आणखी मिटला. त्याने जोर लावला, तर पुरता बंद झाला. "गंजानं बिघडला," तो पुटपुटला. मग पोराच्या हाती दिला. माझ्याकडे बघत बघतच त्याने तो उघडला.

पण मिस्त्री कच्चा नव्हता. "तोही मिस्त्रीच आहे साहेब, कळली असंल त्याले मेख."

बोलणं खोटं म्हणता येईना. तेवढ्यात खिडकीतून आवारात उभी असलेली पोराची आई दिसली आणि मी तिला आत बोलावलं. काय चाललंय ते तिला ठाऊक नव्हतं. मी पाना मिटवून तिच्यापुढे धरला. "बाई, या बोल्टाला लावायचा आहे." तिने पदराला हात पुसला, बोल्टाकडे एक नजर टाकली, अंगठ्याने फिरकी सरकवली आणि बोल्टाला हवा तेवढाच जबडा उघडून दांडा माझ्या बाजूला करून दिला.

"याच्या बापासंग आरागिरणीत होती मी, साहेब. तो मशिनीखाली निजून काम करे, मी पाना उघडून त्याच्या हाती देओ. याले उलटाच फिरवा लागते."

मिस्त्रीने तिथेच कबुली दिली. पुढची चौकशी म्हणजे नुसतं लिहून घेणं होतं. गिरणीची अवजारं त्यानेच भंगारवाल्याला विकली होती, पोराच्या घरी एकदा जेवायला गेला तेव्हा गोठ्यातला पाना पाहून ठेवला होता, आणि आम्हाला खबरही त्यानेच पोचवली होती. "याच्यावरच काऊन आळ घेतला?" मालकाने विचारलं. तो म्हणाला, "काल माह्या हाताखाली होता, आता सरकारी मेकॅनिक होऊन राह्यला." संध्याकाळपर्यंत भंगारवाल्याकडून सगळा मुद्देमाल हस्तगत केला. त्यात गिरणीचा पानाही होता, चारचौघांसारखा सरळ फिरणारा.

पडताळणीच्या कागदावर 'आक्षेपार्ह काही नाही' असं मी स्वतः लिहिलं आणि त्याच दिवशी माणूस धाडून तो कागद पोचवला. इतक्या आनंदाने मी दुसरा कुठलाही सरकारी शेरा लिहिलेला नाही.

त्यानंतर चोरीच्या मालावर कोणी हक्क सांगितला की, वस्तू दिसते कशी हे मी विचारलंच नाही. हातात द्यायची आणि वापरून दाखवा म्हणायचं. वर्णन कोणालाही पाठ करता येतं, पण वर्षानुवर्षांची सवय हाताला एका रात्रीत लावता येत नाही. त्या एका युक्तीने पुढे मला कितीतरी माल खऱ्या धन्याच्या हाती देता आला.

मालक त्या दिवशी निघताना बाईपुढे ओशाळून काहीतरी बोलू लागला. तिने त्याला थांबवलं. "माह्याजवळ नोका बोलू, मालक. चोर त्याले म्हटलं तुम्ही." आणि भरल्या आवारात, आम्हा सगळ्यांच्या देखत, गिरणीमालकाने त्या पोरापुढे हात जोडले.