सुमतीआत्याने सोडवलेला रविवार

तुमच्या घरातलं मूल शेवटचं कधी काहीही न करता बसलं होतं, आणि तुम्ही त्याला कामाला लावलं नव्हतंत?

सुमतीआत्याला जाऊन आता सव्वा महिना होईल. रविवार होता. चर्चमधली उपासना आटोपून आम्ही घरी आलो होतो. दादाची मुलगी रूथ आत्याच्या पलंगाशी जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. वहिनी चहा घेऊन गेली आणि दारातच थबकली... आत्याचा श्वास थांबला होता. रडलो सगळेच. पण खरं सांगते, रडण्याआधी छातीवरचं ओझं उतरलं. वर्षभर तिला धड आडवं होता येत नव्हतं, उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायची. आता ती नीट झोपली. शिवाय जे ऐकायला ती थांबली होती, ते तिला ऐकायला मिळालं होतं. म्हणून हा लेख मी सुतकी चेहऱ्याने लिहीत नाही.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. प्राथमिक शाळेत शिकवलं आणि चर्चमधली मुलांची रविवारची शाळा, जिला आम्ही शब्बाथ शाळा म्हणतो, ती वर्षानुवर्षं चालवली. वर्गात पुस्तकी बोलायची, घरी आली की आमच्या वैराग गावच्या बोलीत यायची. मला हाताशी धरून बाजारात चर्चची पत्रकं वाटायची. माणसाला सरळ सवाल करायला मी तिथेच शिकले. बायबलमधली वचनं पाठ म्हणण्याची स्पर्धाही तिनेच सुरू केली होती... परीक्षक, घड्याळ, चांदीच्या रंगाची ढाल, सगळा थाट तिचाच.

रूथचा दिवस मात्र दादाच्या स्कूटरवर जायचा. सकाळी स्केटिंग, मग शाळा, सोलापुरातल्या सात रस्त्याला कीबोर्ड, तिथून जुळे सोलापुरात अबॅकस. कधी कधी डब्यातली पोळी मागच्या सीटवरच संपायची. रविवारी शब्बाथ शाळा, स्कॉलरशिपचा जादा तास आणि नाताळच्या नाटकाची तालीम. आत्या उशांवरून हे बघायची.

"आरं, आपल्या नळाला बी मदी चार दिस इसावा असतो की," ती एकदा दादाला म्हणाली. आमच्या सोलापुरात नळाला पाणी चार दिवसांआड येतं. "ह्या पोरीला तेवडा बी न्हाय."

"नळाला स्पर्धा नसते, आत्या," दादा हेल्मेट न काढताच म्हणाला.

रात्री जेवणाआधी सगळ्यांनी बसून प्रार्थना करायची आमच्या घरची पद्धत. गेल्या वर्षी एका रात्री आत्या म्हणाली, "आज रूथ प्रार्थना करंल. पाट केल्याली न्हाय, मनातली." रूथ उभी राहिली. हात जोडले, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सन्माननीय परीक्षक आणि उपस्थित बंधुभगिनींनो, माझं नाव रूथ, गट ब." पुढचं सगळं एका दमात. आमेन म्हणून डोळे उघडले ते थेट भिंतीवरच्या घड्याळाकडे. "वेळेत झालं ना?"

दादा-वहिनी खो खो हसले. मीही हसणार होते, पण आत्याकडे लक्ष गेलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "पोरगी देवाला परीक्षक समजती," ती म्हणाली. "आन् हे मीच शिकिवलं."

आम्ही ख्रिस्ती लोक शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, पाळण्याची आज्ञा मोठ्या अभिमानाने सांगतो. आमची मुलं तीच आज्ञा घड्याळ लावून म्हणतात, बक्षीस घेतात आणि विसाव्याच्याच दिवशी पुढच्या क्लासला पळतात. याला मी श्रद्धा म्हणणार नाही. ही देवाच्या नावाने काढलेली आणखी एक शिकवणी आहे. आणि इतर धर्मांच्या वाचकांनी आम्हाला हसू नये, आपापल्या घरातलं वेळापत्रक आधी बघावं.

पुढच्याच रविवारी आत्या चाकाच्या खुर्चीत बसून चर्चला गेली, पाळकसाहेबांना विचारून पुढे आली आणि स्पर्धा बंद झाल्याचं तिने स्वतः जाहीर केलं. वहिनी खट्टू झाली. "ढाल यंदा आपल्याच घरी येणार होती हो, आत्या."

"ढाल घिऊन लढाईला जायाचंय व्हय तिला?"

त्या संध्याकाळी तिने रूथचा सगळा रविवार मागितला. दादा चिडला. "माझी शिफ्टची नोकरी. तिला वेळ देता येत नाही, म्हणून निदान क्लास तरी देतो!" आत्याने पलंगाच्या कडेला हाताने जागा केली. मग म्हणाली, "रविवारी नुसता हितं बस. तुला तरी कुटं बसाया मिळतंय, बाळा?" दादा तिथेच पलंगाच्या कडेला बसला. स्केटिंग, कीबोर्ड, अबॅकस चालू राहिलं. रविवार तेवढा सुटला.

पहिले काही रविवार वाईट गेले. रूथ घरभर फिरायची. "आत्याआजी, कंटाळा आला!"

"येऊ दी की. मला बी आलाय. दोगी मिळून कंटाळू."

तिला ऐकायची होती ती प्रार्थना आत्या जाण्याच्या आदल्या रविवारी आली, कुणीही न सांगता. दुपारी रूथ जमिनीवर लोळत छताकडे बघत म्हणाली, "प्रभू येशू, आत्याआजीचा खोकला थांबव. बरं नाही केलंस तरी चालेल, पण तिला झोप लागू दे. आणि पप्पा घोरतात, ते असू दे..." मग अडखळली. "पुढचं आठवत नाही."

"पाटच न्हाय तर आटवायचं काय गं?" आत्या हसली, हसता हसता खोकली, डोळे पुसत राहिली. रूथ पाणी आणायला गेली तेव्हा मला हळूच म्हणाली, "आता जायला हरकत न्हाय."

तिची खोली अजून आवरलेली नाही. रविवारी दुपारी आम्ही तिथेच पडून असतो. बोलणं सुचलं तर बोलतो.

आता तुमच्याकडे मागणं. येत्या रविवारचा एक क्लास रद्द करा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि मुलाच्या शेजारी जमिनीवर बसा. काही म्हणून दाखव म्हणू नका. ते चिडेल, तुम्हीही चिडाल. ते आपणहून काही बोलेपर्यंत थांबा.