माईंच्या पायांना मीटर नाही

उन्हाळ्यात दुपारनंतर विजेचा दर दुप्पट व्हायचा. तेव्हा शिवणकाम करणाऱ्या माई मशीनचा पट्टा मोटरवरून काढून खालच्या चाकावर चढवत आणि पायाने मशीन चालवत.

"आई, गुडघ्यांची वाट लागेल. त्यापेक्षा शिलाई वाढव," मुलगा वैतागून म्हणाला.

"शाळेच्या गणवेशाची? आईबापांना नाडून देवापुढे कुठल्या तोंडानं उभी राहू?"

"मग दुपारी झोप तरी काढ."

"आणि गणवेश वेळेवर कोण देणार, तो वीजवाला? त्याला म्हणावं, दर खुशाल आभाळाला टेकव. माझ्या पायांना तुझं मीटर नाही. गुडघे कुरकुरले तर मशीनसारखं त्यांनाही तेल घालीन!"

माईंनी असा जोरात पाय मारला, की मुलाचं पुढचं बोलणं खडखडाटात विरून गेलं.