गोठ्यातलं कालयंत्र

कालप्रवासावर जगात पुष्कळ सिनेमे निघाले. त्यातला माझा सगळ्यात आवडता सिनेमा ताडकळसला, आमच्या गोठ्यात, भर दुपारी, माझ्याच तोंडून निघाला.

साल पंच्याऐंशी किंवा शहाऐंशी असेल. त्या दिवशी माझ्या मोठ्या बहिणीची, आक्काची सुपारी फुटायची होती. नवरदेव बालाजीराव, त्यांची आई, म्हणजे आमच्या होणाऱ्या विहीणबाई, आणि पाचपंचवीस पाहुणे सकाळच्या एस.टी.नं राणीसावरगावहून आले होते. याआधी आक्काची दोन स्थळं सुपारीपर्यंत येऊन मोडली होती (त्यातलं एक तर पाल चुकचुकली म्हणून!), त्यामुळे घरातलं प्रत्येक माणूस श्वास रोखून चालत होतं. आक्काला हा मुलगा मनापासून आवडला होता. तिनं सकाळीच मला कोपऱ्यात गाठून बजावलं, "दिगंबर, आज तू काय बी करू नको. नुस्ता हुबा ऱ्हा."

मुहूर्त पाचचा होता आणि जेवणं बाराला उरकली. मधल्या वेळात पाहुण्यांचं करायचं काय? तर आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, पूर्ण्याहून बाबूमियाँचा व्हिडिओ मागवला होता. सुपारीला व्हिडिओ आणणारा पंचक्रोशीतला पहिला माणूस म्हणून त्यांना नाव करायचं होतं. बैलं बाहेर बांधली, गोठा सारवला, अंधारासाठी खिडक्यांना घोंगड्या लावल्या, कडब्याच्या पेंढ्यांवर पाट ठेवून टीव्ही बसवला. बाबूमियाँनं पिशवीतून दोन कॅसेटी काढल्या.

"मराठी समद्या लग्नात गेल्यात अण्णा. ह्यो इंग्रजी पिक्चर तेवढा ऱ्हायलाय."

"लाव की मंग!" अण्णांनी पाहुण्यांकडे बघत मिशीवर हात फिरवला. "आमचं दिग्या बी.ए.ला इंग्रजीच घेऊन बसलंय. सांगंल समद्यास्नी समजावून."

मी खरंच इंग्रजी घेऊन बसलो होतो. दोन वर्षं एकाच वर्गात बसलो होतो! दोनदा नापास झाल्याचं घरात कुणालाच माहीत नव्हतं. तेवढ्यात बाबूमियाँ "आदी एक लाव, मंग दोन," असं सांगून बाजाराला निघून गेला. मी पहिली हाताला लागली ती कॅसेट आत ढकलली.

पडद्यावर दवाखाना दिसला. खाटेवर एक मिशाळ माणूस, शेजारी रडणारी बाई.

"ह्यो हिरो," मी घसा साफ करून म्हणालो. "त्याला जरा ताप हाय."

डॉक्टरनं त्याच्या तोंडावर चादर ओढली.

"झोपला," मी म्हणालो.

"आन ही पेटी कशापायी?" विहीणबाईंनी विचारलं.

"त्यांच्यात पेटीत झोपायची पद्धत हाय."

"आन वरून माती लोटायलेत ती?"

विहीणबाई ताडकन उभ्या राहिल्या. "आवं, मेलाय त्यो! सुपारीच्या दिवशी मयत दाखवायलेत आमाला!" बायकांत कुजबुज सुरू झाली. गोठ्याच्या दाराशी आक्का उभी होती, तिच्या तोंडावरचं रक्त उतरलं. पडद्यावरची ती काळ्या कपड्यातली बाई तेवढ्यात एका लोखंडी कपाटात शिरली, कपाटाची दारं आपोआप मिटली, वर आकडे लुकलुकले आणि मला एकही न लागणारी मोठाली अक्षरं उमटली.

"मध्यंतर!" मी जाहीर करून टाकलं.

"बंद कर ते!" अण्णा ओरडले. त्यांचा आवाज ऐकून बाहेरचा बैलसुद्धा गप्प झाला.

"न्हाई!" विहीणबाई म्हणाल्या. "मयतावर उठून कुणी सुपारी फोडतं व्हय? पुढं काय व्हतंय ते बघूनच उठायचं. चांगलं झालं तर सुपारी, न्हाईतर आमची पाचची गाडी हाय!"

म्हणजे आक्काचं लग्न आता माझ्या हातातल्या दुसऱ्या कॅसेटवर येऊन ठेपलं. मी ती आत ढकलली. डोळे मिटले. उघडले. पडद्यावर तो मघाशी पुरलेला माणूस होडीत बसून सफरचंद खात होता!

खरं सांगतो, सगळ्यात आधी मीच किंचाळलो. मग बाकीचे. "भूत! भूत!" बालाजीरावांचे मामा दाराकडे धावताना घोंगडीत गुरफटले आणि घोंगडीसकट शेणाच्या पाटीत बसले. पोरं रडायला लागली. विहीणबाईंनी पोराच्या हाताला धरलं आणि म्हणाल्या, "चल बालाजी. हितं लय वंगाळ हाय काहीतरी."

आक्का माझ्याकडे बघत होती. तशी नजर मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि पुन्हा बघायची माझी छाती नाही. त्या भीतीतच मला कधीतरी एका दिवाळी अंकात वाचलेली गोष्ट आठवली.

"थांबा!" मी ओरडलो. "भूत न्हाई त्यो! ती बाई कपाटात गेली का न्हाई? ते कपाट न्हाई, यंत्र हाय! त्यात बसलं की माणूस मागच्या काळात जातो. वर आकडे बघितले ना? त्ये साल व्हते साल! नवरा मेला म्हणून ती मागच्या सालात गेली, जिथं त्यो अजून जित्ता हाय!"

दाराकडे निघालेले पाहुणे माघारी वळले. (मला स्वतःलाच पटायला लागलं होतं!)

"मंजी..." विहीणबाई हळूहळू खाली बसल्या, "नवऱ्याला परत आणाया गेली?"

"तेच सांगायलोय की!"

"आगं बाई, सावित्रीच म्हण की! तिनं यमाला बोलण्यात हारवलं, हिनं कपाटात बसून काम केलं."

मग मला कोण आवरणार! होडीत त्या दोघांचं भांडण झालं, तर मी सांगितलं, त्याला ओळख पटत नाही म्हणून ती रडते. एका म्हातारीनं तिला मिठी मारली, तर ती पुढच्या सालातली तीच बाई झाली. शेवटी दोघांचं लग्न लागलं, फुलं उधळली गेली आणि कॅसेट संपली. "सुखाचा संसार झाला!" मी म्हणालो. विहीणबाईंनी पदरानं डोळे पुसले. "लय चांगला शकुन झाला गं बाई. मेलेला उठून बोहल्यावर चढला!"

पाचला पाट मांडले. सुपारी फोडायला दगड उचलला गेला आणि नेमका त्याच क्षणी भाजीची पिशवी घेऊन बाबूमियाँ दारात आला. त्यानं व्हिडिओतली कॅसेट काढून बघितली.

"आरं, दोन नंबर आदी लावली व्हय? उलटंच झालं की! ह्या पिक्चरमंदी आदी लगीन व्हतंय, आन मंग नवरा..."

"भाजी काय भाव?" मी मध्येच ओरडलो.

"...नवरा मरतोय."

"आन ते मागच्या सालात न्यायचं यंत्र?" एका पाहुण्यानं विचारलं.

"कसलं यंत्र? ती लिफ्ट हाय. नांदेडला बी हाय तसली."

दगड हवेतच राहिला. विहीणबाईंचा चेहरा पांढराफटक. "लगीन झाल्यावर मरतोय?"

"दिग्या," अण्णा दातओठ खात म्हणाले, "खरं काय त्ये सांग."

आक्कानं डोळे मिटून घेतले होते. आता खरं सांगितलं तर नवरा मरतो, खोटं सांगितलं तर मी मरतो. निदान सगळा दोष माझ्या अडाणीपणावर जावा म्हणून मी तोंड उघडलं, "मला... इंग्रजी..."

"इंग्रजी सोपी न्हाई, आसं म्हणायलेत ते," बालाजीराव पाटावरून शांतपणे म्हणाले. मग बाबूमियाँकडे वळले. "तुमाला येती का इंग्रजी?"

"न्हाई साहेब. नुस्ता बघितलाय मी."

"ह्ये कालेजात शिकायलेत. मंग आई, कुणाचं धरायचं?"

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, बाबूमियाँकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "शिकलेल्याचंच धरायचं की!" ठक्कन सुपारी फुटली. आक्का रडली, अण्णा रडले, मी तर मोकळा होऊन ढसाढसा रडलो.

हात धुवायच्या निमित्तानं बालाजीरावांनी मला रांजणापाशी गाठलं.

"लय उपकार झाले दाजी," मी हात जोडून म्हणालो. "तुमाला कळलं व्हतं ना समदं?"

"समदं. पर दिगंबरराव, एक सांगतो, कुणाला बोलू नका," ते कानाशी येऊन म्हणाले. "मी दोन वर्षं वीजघरात रशियन साहेबांच्या हाताखाली काम केलंय. त्यो पिक्चर इंग्रजी नव्हताच. रशियन व्हता."

"तरीच!" मी म्हणालो. "मी म्हणतोय, आज मला समदं एवढं नीट कसं काय समजायलंय!"