पॅरिस ते डनव्हिल, नदीच्या कडेनं

बर्फासाठी चढवलेले विंटर टायर उतरले की गाडीचा आवाज बदलतो. पाच महिने रस्त्याला घासत, गुरगुरत, जणू कुणाशी तरी सतत भांडत चाललेली ती गाडी एका सकाळी अचानक हलक्या पायांनी चालू लागते. काचा अर्ध्या खाली केल्या की आत येतो तो वितळलेल्या मातीचा, मिठानं पांढरट पडलेल्या डांबराचा आणि कुठेतरी मुळाशी नुकत्याच जाग्या झालेल्या गवताचा मिश्र वास. गेल्या रविवारी ग्लोरियानं टायर बदलून आणलेली गाडी ओंटारिओतल्या केंब्रिजमधल्या आमच्या बेसमेंटच्या ड्राइव्हवेवर उभी केली, इंजिन बंद केलं, तरी आम्ही दोघी उतरलो नाही. काय सांगू तुम्हाला! त्या दोन मिनिटांच्या शांततेत निघण्याची हाक होती. मी म्हटलं, "शनिवारी जायचं." ग्लोरिया म्हणाली, "कुठे ते तरी सांग, बाय." मी म्हटलं, "नदीच्या शेवटापर्यंत."

ग्लोरिया माझी रूममेट. वसईची, वृद्धाश्रमात आजी-आजोबांची सेवा करणारी, आणि गाडी चालवताना होली मेरीपासून समोरच्या ट्रकवाल्यापर्यंत सगळ्यांशी बोलणारी. गाडी तिची, लायसन्स तिचं. माझ्याकडे नकाशा आणि उतावीळपणा एवढंच भांडवल. आणि नदी म्हणजे ग्रँड नदी, जी आमच्या केंब्रिजमधून जाते, पुढे पॅरिसला वळसा घालते आणि दक्षिणेकडे वाहत वाहत डनव्हिल नावाच्या लहान गावाच्या जरा पुढे ईरी सरोवराला मिळते.

पॅरिस म्हटल्यावर दचकू नका. दक्षिण ओंटारिओतलं हे गाव इतकं चिमुकलं आहे, की मुख्य रस्त्याच्या एका टोकाला शिंक आली तर दुसऱ्या टोकाचा माणूस "ब्लेस यू" म्हणेल. पण इचलकरंजीत आमचे नातेवाईक गेली तीस वर्षं छाती फुगवून सांगत आलेत, की आमची शालन पॅरिसला असते. शालन म्हणजे माझी आत्या. काठावरच्या गोट्यांनी मढवलेल्या भिंतींच्या घरांपलीकडे, नदीपासून चार मिनिटांवर, तिचं दोन खोल्यांचं घर आहे. आहे म्हणते खरी. मे संपता संपता ते नसेल. घर विकलं गेलंय. आतोबा गेल्यापासून ती एकटीच असते, आणि आता मुलानं तिला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कोक्विटलामला, आपल्याकडे बोलावलंय. विमानाचं तिकीट काढून झालंय. तीस वर्षं जिच्या काठावर काढली, ती नदी जाते कुठे हे आत्यानं एकदाही पाहिलेलं नाही.

का पाहिलं नाही? ह्याचं उत्तर द्यायला लागले की माझा आवाज चढतो, पण ऐका. आत्यानं बावीस वर्षं कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवली. ज्या सीटांवर बसून अर्धा ओंटारिओ सरोवरं पाहायला, मक्याची शेतं पाहायला, शरदातली लाल पानं पाहायला गेला असेल, त्या सीटांना शिवण घालणारी बाई स्वतः शनिवारी ओव्हरटाइम करत होती. कुणी तिला कोंडून ठेवलं नव्हतं, हे खरं. पण कुलूप दाराला असावं लागतं असं कुठे आहे? ते सवयीलाही घालता येतं. इचलकरंजीतल्या आमच्या घरी वर्तमानपत्राच्या आधी पत्रकं यायची. यंत्रमाग कामगारांची, अंधश्रद्धाविरोधी शिबिरांची, गुलाबी नाहीतर पिवळ्या पातळ कागदावर छापलेली; त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. बाबांच्या एका पत्रकात कामाच्या तासांविषयी पुष्कळ होतं, मजुरीविषयी होतं, संडास आणि पिण्याच्या पाण्याविषयी होतं. नुसतं फिरायला जाण्याविषयी एक ओळही नव्हती. विनाकारण, कुठल्याही कामाशिवाय, एक आख्खा दिवस वाऱ्यावर सोडून देण्याचा हक्क माणसाला असतो, हे कुणी छापलंच नाही!

म्हणून तो हक्क मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला बसले. एका दिवसाच्या सहलीची आखणी करण्यात जो आनंद आहे, तो सहलीत तरी असेल का? महिनाभराच्या प्रवासाला निघणाऱ्याला सामानाची चिंता असते. एका दिवसाच्या प्रवाशाला फक्त उजेडाची. सकाळी उजेड किती वाजता हातात येतो आणि संध्याकाळी किती वाजता सुटतो, एवढाच काय तो हिशेब. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मी पॅरिस लिहिलं, खालच्या कोपऱ्यात डनव्हिल, आणि मध्ये नदीची नागमोडी रेघ ओढली. हायवे नको, हे पहिलं कलम. हायवे दोन गावांना जोडतो म्हणतात, पण त्यावरून जाताना दोन्ही गावं हरवतात. आम्ही काठाकाठानं जाणार, ब्रँटफर्ड, कॅलेडोनिया, कायुगा करत, जिथे पाणी वळेल तिथे वळत. ह्या नदीच्या दोन्ही काठांची सहा-सहा मैल जमीन एकेकाळी इथल्या मूळ रहिवाशांच्या राष्ट्रांना वचन म्हणून लिहून दिलेली होती, आणि आज नकाशावर त्यातला लहानसा तुकडा उरलाय. तो रस्ता डोळे मिटून जाण्याचा नाही, हे मी समासात लिहिलं. त्याच्याखाली लिहिलं, थालीपीठं, लोणचं, दोन थर्मास. मग ग्लोरियानं पेन ओढून घेऊन लिहिलं, वॉशरूम कुठे कुठे आहेत ते बघणे, आणि त्याला दोनदा अधोरेखित केलं. क्रांतीच्या कागदावरही असा एक शहाणा माणूस लागतो.

सोमवारी आत्याला फोन केला. "डनव्हिलला? काय काम हाय तिथं?" हा तिचा पहिला प्रश्न. "काही काम नाही, आत्या. म्हणून तर जायचं."  मग तिनं हळूच विचारलं, जणू कुणी ऐकेल म्हणून, "नदी खरंच मिळती काय गं तिथं? मोठी हुती काय मिळताना?" त्या आवाजात एक लहान मुलगी होती, मी शपथेवर सांगते. मग ती भराभर बोलायला लागली. थालीपीठं तू नको करू, तुझी जाड होतात, मी करते, स्वेटर घ्या, ग्लोरियाला म्हणावं सावकाश चालव. आणि मग विचारलं, "कोण कोण?" मी म्हटलं, "तू, मी, ग्लोरिया. तिघी."

"तिघींनी निघायचं नसतं."

तीन तिघाडा, काम बिघाडा! सात समुद्र ओलांडून, बर्फाचे तीस हिवाळे फावड्यानं उपसून, माझ्या आत्याच्या मनात ते वाक्य इचलकरंजीहून निघाल्या दिवसासारखं ताजं होतं. त्यावरचा तोडगाही तिच्याकडे तयार होता, तुमच्याही घरात कुणीतरी सांगितलेला असेल: सुपारी घ्यायची, नाहीतर एखादा खडा, तो चौथा समजायचा आणि निघायचं. "सुपारी हाय माझ्याकडं," आत्या म्हणाली. "ठेवू की डब्यात. कुणाला काय कळतंय?"

मला कळलं असतं. तुम्ही म्हणाल, सोडून द्यायचं. पण ज्या घरात मांजर आडवं गेलं म्हणून मुद्दाम त्याच वाटेनं जायला शिकवलं, त्या घरातली मी. मी बोलले. आणि बोलले म्हणजे काय, पत्रकच वाचलं: बुद्धी गहाण ठेवण्याविषयी, भीतीच्या धंद्याविषयी, बाईच्या पायातल्या न दिसणाऱ्या साखळीविषयी. "दगडाला सीटबेल्ट लावून मी कुठेही येणार नाही, आत्या," हे माझं शेवटचं वाक्य. ते मला तेव्हा फार आवडलं होतं. आत्या एवढंच म्हणाली, "बरं. जावा मग तुम्ही दोघी," आणि फोन ठेवला.

ग्लोरिया भाजी चिरत होती. सुरी न थांबवता म्हणाली, "एक सुपारी ग. एवढीशी. तुझी क्रांती काय तिच्यावर घसरून पडणार होती?" मी म्हटलं, "प्रश्न सुपारीचा नाही, तत्त्वाचा आहे." "हो का? मग तत्त्वाला घेऊन जा शनिवारी. ते बसेल मागे, थालीपीठ खाईल, नदी बघेल."

टोमणा वर्मी लागला. टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं तर नदीची रेघ तशीच, कलमं तशीच, पण सगळा प्रवास एका क्षणात शाळेच्या भूगोलासारखा निर्जीव झालेला. बरोबर असणं आणि एकटं असणं ह्यांत कितीसं अंतर असतं? मी चुकले होते असं मला अजूनही वाटत नाही. खड्याला माणूस मानणं मला आजही जमणार नाही. पण ज्या बाईसाठी मी हक्काचा दिवस मागत होते, तिचाच दिवस मी माझ्या वाक्यानं हिसकावून घेतला होता. मे महिन्यानंतर तिला तो परत कुठून आणून देणार होते? कोक्विटलामहून?

मंगळवारी सकाळी पुन्हा फोन केला. म्हटलं, "आत्या, सुपारी मी नेणार नाही. पण तुझ्याशिवाय जाणारही नाही. आता काय करायचं ते तूच सांग." ती हसली. तीस वर्षं परक्या देशात मान वर ठेवून जगलेल्या बाईचं ते हसू होतं, हार न मानणारं. "तुला दगड चालत न्हाई न्हवं? मग माणूस आण की. चौथं माणूस."

इतकं साधं! शतकानुशतकं लोक मोकळ्या जागेवर खडा ठेवत आले, आणि आमच्यासारखे लोक तो खडा उचलून फेकत आले. त्या जागेवर एखादं जिवंत माणूस बसू शकतं, हे ना त्यांना सुचलं ना आम्हाला. मी लगेच फोन लावत सुटले. आणि तेव्हा कळलं, की अख्ख्या प्रांताचा शनिवार कुणीतरी आधीच उचलून नेलेला आहे. एकीची डबल शिफ्ट, दुसरीच्या मुलांचा स्विमिंग क्लास आणि मग ग्रोसरी, तिसरीला बेसमेंटचं पाणी काढायचंय. "सुपरफन वाटतंय गं, नेक्स्ट टाइम नक्की!" असं म्हणताना प्रत्येकीच्या आवाजात एक थकवा होता. बुधवार गेला. चौथं माणूस मिळालं नाही.

गुरुवारी दुपारी आत्याचाच फोन. नेहमीसारखं "जेवलीस का?" वगैरे काही नाही. "लुर्देस चालंल काय?"

कोण लुर्देस? मग सगळं बाहेर आलं, तुटक तुटक. लुर्देस पोर्तुगीज, कारखान्यात आत्याच्या शेजारच्या मशीनवर. बावीस वर्षं दोघींची कोपरं एकमेकींना लागत होती. एकीचा धागा तुटला की दुसरी न मागता ओवून द्यायची. आतोबा गेले तेव्हा लुर्देसनं आठवडाभर आत्याच्या वाटणीच्या शिवणी आपल्या कोट्याबरोबर उरकल्या, सुपरवायझरला कळू न देता. दोघींचं इंग्रजी मिळून एक पान भरलं नसतं. आणि ह्या दोघी कारखान्याच्या फाटकाबाहेर एकदाही भेटल्या नव्हत्या! रिटायर झाल्या त्या दिवशी लुर्देसनं फोन नंबरची चिठ्ठी दिली होती. चार वर्षं ती चिठ्ठी देवघरात आहे. "मग फोन का नाही केलास, आत्या?" "काय काम सांगू?" ती म्हणाली. "उगंच कसा फोन करायचा कुणाला?"

 चार वर्षं एका फोनसाठी ती एखाद्या कारणाची वाट पाहत होती, आणि ते कारण तिला शेवटी दिलं कुणी? त्याच जुन्या खुळचट समजुतीनं, जिला मी सोमवारी उभं चिरलं होतं. पण मी सुपारीला हो म्हटलं असतं, तर हा फोन झालाच नसता, हेही तितकंच खरं. सत्य कधीकधी असं दोन हट्टी बायकांच्या मधल्या सीटवर येऊन बसतं.

"मग करू काय?" आत्यानं विचारलं. मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता कर." पाच मिनिटांत तिचा उलट फोन, धाप लागल्यासारखा. "केला! मी म्हटलं, सॅटरडे, रिव्हर, यू कम? तर ती काय म्हणाली ठाऊक हाय? म्हणाली, व्हाय सॅटरडे? व्हाय नॉट टुमारो?"

आज शुक्रवार. पाच वाजलेत, आणि ह्या देशात एप्रिलमध्ये पाच वाजता जो उजेड असतो, स्वच्छ, थंड, धुतलेल्या काचेसारखा, तो बेसमेंटच्या खिडकीतून टेबलावर आलाय. ग्लोरिया शिफ्ट बदलून घरी आली आहे आणि गाडी पुसते आहे, जणू वरात निघायची आहे. मी कागद स्वच्छ लिहून काढला: साडेआठला पॅरिस, दहाला पहिला थांबा, दुपारी नदीचं मुख, सहाच्या आत परत. सुबक, न्याय्य, सर्वांच्या सोयीचं. समाधानानं आत्याला वाचून दाखवायला फोन केला, तर मागे कुणीतरी मोठमोठ्यानं हसत होतं. लुर्देस सहलीच्या आदल्या दिवशीच, आजच, येऊन बसली होती. लुर्देसच्या लेकानं तिला आत्याच्या दारात सोडलं, बॅग घेऊन. स्वयंपाकघरात कसली तरी भांडी वाजत होती आणि दोन बायका दोन भाषांत एकाच वेळी बोलत होत्या.

मी वाचायला सुरुवात केली. "साडेआठला..." आत्यानं "सहाच्या आत परत"पर्यंत कसंबसं ऐकलं आणि तोडलं. "साडेआठ न्हाई. सातला या. आणि त्या तुझ्या पहिल्या थांब्यावर थांबायचं न्हाई, आम्ही दुसरी जागा बघितलीया. आणि सहाच्या आत कशाला? घरी कोण वाट बघतंय आमची?" मागून लुर्देस काहीतरी ओरडली. "ती म्हणती, सूर्य बुडताना सरोवर बघायचं. मग निघायचं. हिवाळी जाकिटं घ्या."

आठवडाभर मी तिच्यासाठी एक दिवस मागत होते, आखत होते, तिच्या वतीनं भांडत होते. आणि तिकडे तो दिवस केव्हाच तिचा झाला होता. मी माझं वेळापत्रक पालथं घातलं. मागची बाजू कोरी होती. पेनचं टोपण काढलं आणि म्हटलं, "सांगा. लिहून घेते."