गुरुवारची वाट

इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात आमची अलॉटमेंट आहे, म्हणजे भाजी लावायला भाड्याने मिळणाऱ्या वाफ्यांची सामाईक जागा; तिथल्या गवत कापायच्या पाळ्यांची यादी मी ठेवते. पण एक निवृत्त नर्समावशी पाळी नसतानाही दर गुरुवारी फाटकापासूनची वाट कापतात, मग कुठे दगड-खड्डा राहिला का ते अनवाणी चालून तपासतात. न राहवून मी विचारलं.

"पापुआच्या डोंगरात मी नर्स होते त्या वस्तीला रस्ताच नव्हता गं. गवत वाढलं की विमान उतरायचं नाही, पेशंट तसाच पडून राहायचा. म्हणून दर गुरुवारी अख्खी वस्ती धावपट्टी कापायची."

"मग इथे विमान कधी येणार?"

"ते कधी यादीत लिहून येतं का गं?"

मे महिन्यात माझा नवरा छाती धरून वाफ्यातच बसला. अँब्युलन्सवाल्यांच्या स्ट्रेचरची चाकं त्या वाटेवर कुठेच अडली नाहीत.

आता तो बरा आहे. गुरुवारची पाळी मी यादीत कायमची लिहिली आहे: मावशी आणि मी.