मयताची रजामंदी

अंबडच्या ठाण्यावर मी अमीन, म्हणजे फौजदार होतो, निजामाचं राज्य होतं, आणि माझा आवाज असा की ठाण्यात खाकरलो तर शहागडला गोदावरीतले मासे तळ गाठत. त्या आवाजाची बोबडी एकदाच वळली. भर दुपारी, तेरा वर्षांच्या पोरीपुढे. आजही बाराचं ऊन चढलं की ती समोर उभी राहते.

"सायेब, चार रोजांनी माझं लगीन हाय. नवरा माझ्या बापाहून मोठा हाय. मला न्हाई करायचं."

जमादार हसला. "नाबालिग हाय, साहेब. फिर्याद वलीनं, म्हंजी पालकानं द्यायची."

"वली कोण?"

"चुलता. त्यानंच लगीन ठरवलंय. मरायच्या आधी बापानं रजामंदीच्या कागदावर अंगठा दिलाय."

म्हणजे चोराविरुद्ध फिर्याद द्यायला चोराचीच परवानगी! मी तिला घरी जा म्हणणार, तोच ती शांतपणे बोलली, "बा रोज उन्हाचा येतो. उंबऱ्यात उभा राहून हात पुढं करतो. अंगठ्याचा दोरा सोड म्हन्तो."

भर वैशाखात माझ्या मिशा गारठल्या.

फिर्याद घेता येत नव्हती. खबर घेता येत होती. रोजनामच्यात 'खबर मिळाली' एवढंच लिहिलं, चुलत्याला कागदासह बोलावलं आणि ठशावर भिंग धरलं. अंगठ्याच्या रेषांवरून एक आडवी कोरी पट्टी गेली होती. तहसिलीतल्या जुन्या कागदावर बापाचा ठसा सापडला. त्यावर पट्टी नव्हती.

आमच्याकडे मयताचे अंगठे दोऱ्याने बांधतात. जिवंत कातडीवरचा वळ घटकाभरात भरून येतो, मेलेल्या कातडीवरचा राहतो.

मी कागद पुढे सरकवला. "काय रे, दोरा सोडून अंगठा घेतलास, की कापून?"

चुलत्याने पागोटं काढून कागदाशेजारी ठेवलं. "जित्तेपनी तीनदा विचारलं, साहेब. तिन्ही बारीला न्हाई म्हनला. मेल्यावर एकदाच विचारलं. मंग काईच म्हनला न्हाई."

लग्न मोडलं. चुलता अदालतीपुढे गेला, पोर मामाच्या हवाली झाली. निघताना मी तिला विचारलं, "बापाला आंघोळ घालताना तू दोरा पाहिलास ना?"

"मी कुटं व्हते, सायेब? मामाच्या गावाला गेल्ते. आले तवा राख व्हती."

नोकरीत मी शंभर दरोडेखोर एकट्याने धरले. पटत नसेल तर निम्मे धरा. पण हे पुरतं खरं आहे. त्या लेकराच्या 'नको'ला कागदात जागा नव्हती, आणि मुडद्याच्या 'हो'ला होती. पुढे कुणी नाबालिग ठाण्यात आला की वली कोण, हे मी सगळ्यात शेवटी विचारी.

घरच्यांनाही बजावून ठेवलंय. माझे अंगठे खुशाल बांधा; फक्त त्या दिवशी घरात शाईची दौत ठेवू नका.