सुषमाने ठेचलेला मंगळ

मे महिन्यातला मंगळवार. हजर: प्रकाश, बेबी, चिंटू आणि सुषमा. शिकवणारी मी, तेव्हा वय बावीस.

आज माळा आवरताना गंजलेली चाळणी हाताला लागली आणि त्या गंजाच्या वासाबरोबर इतवारीतल्या आमच्या जुन्या घराची तापलेली गच्ची आठवली. उन्हाळी वर्गातल्या मुलांना मंगळ दाखवायचा म्हणून मी मातीचा गोळा केला होता आणि याच चाळणीचा गंज खरवडून त्याला चोळला होता.

"मंगळावरची माती अशीच गंजलेली आहे, म्हणून तो लाल दिसतो," असं सांगून मी गोळा हातोहात फिरवला.

सुषमाने तो जमिनीवर ठेवला, कुंडीजवळची वीट उचलली आणि ठेचू लागली. "यानंच माह्या ताईचं लगन मोडलं! पत्रिकेत बसून राहिला मेला!"

एक घाव तिच्याच बोटावर बसला. रक्त आलं, तरी ती थांबेना.

"सोड वं सुषमा!" बेबी किंचाळली.

मी वीट हिसकावून बाजूला टाकली आणि सुषमाच्या कानाखाली जोरात वाजवली. माझी तीन दिवसांची मेहनत तिने धुळीला मिळवली होती.

ती रडली नाही. "बाई, इतक्या दुरून त्याले माही ताईच काहून दिसली?"

तेव्हा मला तो उद्धटपणा वाटला. मी गच्ची झाडून घेतली. त्या उन्हाळ्यात मला विचारलेला खरा प्रश्न तेवढाच होता, हे आता कळतं.

माळा आवरून झाला. चाळणी भंगारात गेली. आजच्या कामांच्या यादीत मागाहून लिहिलेलं तिसरं काम, सुषमाला फोन, अजून तसंच आहे.